खालचा उजवा कोपरा

१

नाथू ढेबे या पोस्टमनचं पत्र सुधीर टिपणिसांना जानेवारीत आलं, आणि मार्च अर्धा उलटला तरी त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं आणि सुधीरराव तेव्हापासून पहिल्या खंडातलेच शब्द बघत होते.

पत्र पाठ झालं होतं. ‘साहेब, मी कापड्याचा पोस्टमन. सव्वीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, स्वतः लिवलेलं हे पयलंच. भोकरवाडीची सत्तावीस पाकिटं दगडाखाली सापडली. मी टाकली म्हणतात. मी टाकली नाय, घरटी दिली. चौकशी होईपर्यंत मला कामावरून थांबवलंय. पाकीट तुम्ही काढलंत. लोकांनी का नाय उघडलं त्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आसल. तेवढं लिवून द्यावं.’

‘ठाऊकच आसल’ हे दोन शब्द सुधीररावांना टोमण्यासारखे लागले होते. कारण ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं लिहायला लाज वाटत होती, कारण त्यांचा सगळा जन्म पाकिटांत गेला होता. मुंबईत एका जाहिरात कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आतलं पत्र कुणी तरी दुसरा लिही. ते पाकीट उघडलं जाणार की केरात जाणार, एवढंच सुधीररावांच्या हातात असे. अनोळखी पाकीट माणूस तीन-चार सेकंद हातात धरतो आणि तेवढ्यात काय ते ठरतं. म्हणून पत्ता निळ्या शाईने, हाताने. तिकीट खरं, तेही जरा तिरकं. आत बोटाला काहीतरी लागायला हवं.

निवृत्त होऊन महाडला आल्यावर इथल्या एका नेत्र न्यासाने त्यांना गाठलं. मोतीबिंदूच्या फुकट शस्त्रक्रियेला म्हाताऱ्यांना बोलवायचं, तर आधीची खाकी पाकिटं लोक बँकेची नोटीस समजून फळीवर ठेवत. सुधीररावांनी हळदी रंगाचं पाकीट केलं. आत डोळ्यावर बांधतात त्या हिरव्या कापडाचा तुकडा. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी तुटक रेघ, तिच्यावर बारीकशी कात्री आणि शब्द: ‘इथून कापा’. तुटक रेघ दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. हा त्यांचा जुना डाव. आतल्या पत्राचा तो कोपरा कोरा ठेवलेला, पाकिटाबरोबर कापला गेला तरी मजकुराला धक्का लागू नये म्हणून.

महाडची साठ पाकिटं त्यांनी स्वतः जेवणाच्या टेबलावर भरली. साठातले सत्तावन्न लोक आले. कापड्याकडची एक्केचाळीस पोलादपूरला भरली गेली. त्यांपैकी खालच्या मोहल्ल्यातली चौदाच्या चौदा माणसं आली. वरच्या भोकरवाडीतून एकही नाही.

त्या गुरुवारी दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला कॉलेजची पिशवी.

“टिपणीसकाका तुम्हीच ना? मी सुप्रिया. नाथू ढेब्यांची मुलगी.”

सुधीररावांनी चष्मा काढला आणि परत घातला. “मी... लिहिणारच होतो.”

“बाबा रोज पोस्टात जातात. जिथं आत बसायचे, तिथं बाहेरच्या बाजूने उभे राहून विचारतात, माझं काय आलंय का.” ती रागावली नव्हती. नुसतं सांगत होती. “पुढच्या बुधवारी चौकशी आहे. त्यानंतर उत्तर नाही दिलंत तरी चालेल.”

२

न्यासाच्या कार्यालयात सुनील नावाचा कारकून होता. दगडाखालचा गठ्ठा त्यालाच सापडला होता.

“यात शोधायचं काय, टिपणीसकाका? खालच्या चौदा जणांना मिळाली, वरच्या सत्तावीस जणांना नाही. चढ दीड तासाचा. कंटाळा आला, ठेवली दगडाखाली.” मग सुप्रियाकडे बघून त्याचा आवाज थोडा खाली आला. “तुझ्या बाबांवर माझा राग नाही गं. पण लोकांचे डोळे होते ते.”

“वाडीतल्या लोकांना विचारलंत?” सुप्रिया म्हणाली.

“विचारलं की. पाकीट म्हटलं की गप्प. एक म्हातारी तर कानावर हात ठेवून आत गेली. सांभाळून घेतायत त्याला.”

त्याने कपाटातून गठ्ठा काढून टेबलावर टाकला. सुधीररावांनी आपली पाकिटं चार महिन्यांनी पाहिली. रंग जरासा उडाला होता. सगळी बंद. तिकिटं जराशी तिरकी, त्यांनी सांगितलं होतं तशी. आणि खालचा उजवा कोपरा नव्हता.

“हे काय?”

“उंदरांनी खाल्लं असेल. दगडाखाली होती ना.”

सुधीररावांनी एकेक पाकीट उलटून पाहिलं. सत्तावीस उंदीर एकच कोपरा खात नाहीत. आणि कडेला दात होते खरे, पण एकसारखे, बारीक, करवतीसारखे.

आपलंच काही चुकलं असणार, ही सुधीररावांची पहिली शंका कायम असे. बायको गेली तेव्हा होती, नळ गळायला लागला तेव्हाही होती. इतक्या वेळा खोटी ठरल्यामुळे त्या शंकेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी ती याही वेळी बाजूला ठेवली.

“एक उघडू का?”

सुनीलने खांदे उडवले. सुधीररावांनी टोकदार पेन्सिलीने वरची पट्टी सोडवली, पत्र बाहेर काढलं आणि पाकिटाशेजारी ठेवलं.

पाकिटाला कोपरा नव्हता. आतल्या पत्राला होता.

३

“म्हणजे काय झालं?” सुप्रियाने रस्त्यावर येताच विचारलं.

“पत्र पाकिटात अगदी घट्ट बसतं. ते मीच तसं मापात घेतलं होतं, खुळखुळू नये म्हणून. भरलेलं पाकीट कापलं तर आतला कागदही कापला जाणार. इथे तो अख्खा आहे, बाहेर दिसू नये म्हणून भरतानाच आत दुमडलेला. म्हणजे कोपरा कापला तेव्हा पाकीट रिकामं होतं.”

“बाबांच्या हातात आलं तेव्हा तर भरलेलं, चिकटवलेलं होतं.”

“हो. तेव्हा कोपरा तुझ्या बाबांनी कापला नाही. वाडीतल्या कुणीही नाही.”

सुप्रिया थांबली. “पण त्यांच्यावर आळ कोपऱ्याचा नाहीच आहे, काका. टाकल्याचा आहे.”

ते खरं होतं. सुधीरराव छापखान्याकडे वळले.

पाकिटं मुश्ताकच्या छापखान्यात छापली होती, बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ अजून भिंतीवर होती, आणि मुश्ताकने सगळा कागद त्या रेघेच्या वर मांडला होता.

“या टिपणीससाहेब. परत नवीन काही? या वेळी सोपं द्या हां, त्या हळदीने माझा रोलर आठवडाभर पिवळा होता.”

सुधीररावांनी पाकीट पुढे केलं. मुश्ताकने कड अंगठ्याने चाचपली आणि हसला.

“हे माझं काम नाही. माझ्या कटिंगला दात नसतात. पातं बघा, लोणी कापल्यासारखं चालतं.” त्याने फळीवरून उरलेलं एक कोरं पाकीट काढलं. चारी कोपरे शाबूत. खालच्या उजव्या कोपऱ्यात तुटक रेघ, कात्री, ‘इथून कापा’. “अशी दिली मी. शंभर आणि वर थोडी. साठ तुम्हाला, बाकीची पोलादपूरला, बचतगटाच्या राजश्रीबाईंकडे, भरायला.”

“मोजून दिली होती?”

“मोजून, बांधून, चिठ्ठी लावून. दुसरं काय करू, मुका घेऊ?” सुप्रिया फिसकन हसली. ती हसल्यावर मुश्ताकचा चेहरा एकदम उतरला. “नाथूभाऊची मुलगी ना तू? माझ्या लग्नाची पत्रिका त्यानेच कापड्यात वाटली होती. तो टाकणारा माणूस नाही.”

“मग कोण?” सुप्रियाने विचारलं.

मुश्ताकने कोरं पाकीट आणि कापलेलं पाकीट एकावर एक ठेवलं. कापलेली कड बरोबर त्या तुटक रेघेवर बसली. रेषभरही इकडे तिकडे नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड्याच्या एसटीत सुप्रियाने त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. उतरल्यावर तिने विचारलं, “बाबांना भेटायचं? शेळ्या घेऊन वर गेलेत, हाक मारली तर येतील.”

“उत्तर दिलेलं नाही अजून,” सुधीरराव म्हणाले. “कुठल्या तोंडाने भेटू?”

मोहल्ल्यात खतीजाबीचं घर पहिलं. मुलगा कुवेतला, सून माहेरी. डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवी, असं सुप्रियाने वाटेतच सांगितलं होतं.

“तो शर्ट इस्त्री कर रे बाबा,” खतीजाबी सुधीररावांना म्हणाली. मग पाकिटाचं ऐकून तिने सुप्रियाला न सांगता स्वतः उठून आपलं पाकीट आणलं. जपून ठेवलेलं. आत अजून हिरवं कापड होतं.

त्यालाही कोपरा नव्हता. तेच दात.

“हे तुम्ही कापलंत?” सुधीररावांनी विचारलं.

“मी कशाला? कापूनच आलेला. मला वाटला, बरं केलान. बोट घातला नि फर्र करून उघडला. नायतर गोंद इतका लावतात मेले.” तिने सुधीररावांकडे नव्या डोळ्याने नीट पाहिलं. “तुमी केलाव? चांगला केलाव.”

क्षणभर सुधीररावांना बरं वाटलं. मग बरं वाटल्याचंच काहीतरी वाटलं.

“नाथूने दिलं हे?”

“नाथूनंच. पण त्या दिवशी बसला नाय. एरवी चाय घेतल्याबिगर हलत नाय. म्हटला, आज नको, बी, वरची द्यायची हायत. तोंड असा केलेला, जसा घरात कायतरी झालाय.”

सुप्रियाने वळून पाहिलं. “घरात तर काही झालं नव्हतं.”

म्हणजे पाकिटं सारखीच. कोपरे दोन्हीकडे गेलेले. पोस्टमन एकच. खाली मोहल्ल्यात चौदाच्या चौदा उघडली, आणि वरच्या वाडीत पाकीट म्हटलं की म्हातारी कानावर हात ठेवते. सुधीररावांच्या मनात कसलीशी जुनी गोष्ट हलली, पण वर आली नाही. ते चढायला लागले.

५

दीड तासाचा चढ त्यांना अडीच तासांचा झाला. भोकरवाडीत नुसती म्हातारी माणसं आणि गुरं. साळूबाई गोठ्याच्या सावलीत बसली होती.

“कोन गो?”

“मी सुप्रिया. नाथूची.”

“बस गो. ह्यो कोन संगती? पावलाचा आवाज शेरातला हाय.”

सुप्रियाने सांगितलं. पाकिटाचं नाव निघताच साळूबाईचे हात कानाकडे गेले. सुधीररावांनी काहीच विचारलं नाही. त्यांना विचारायचं सुचलंच नाही. ते नुसते दमून समोर बसले, आणि त्या बसण्यामुळेच की काय, तिचे हात हळूहळू खाली आले.

“नाथूनं दिलं व्हतं,” ती म्हणाली. “माज्या हातात दिलं. माजे डोळे गेलेत, बोटं नाय गेली. चाचपलं तर कोपरा फाटका. घरात कशी नेनार?”

“का? फाटका असला तर काय?”

साळूबाईने तोंड सुप्रियाकडे वळवलं. “ह्यो कुठला गो? येवढं ठाव नाय?”

“महाडचेच आहेत. पण मुंबईत होते.”

“तरीच.” मग लहान मुलाला सांगावं तसं ती म्हणाली, “मयताचं पत्र आसतं ते. कोपरा फाडून धाडतात. उंबऱ्याच्या आत न्यायचं नाय. वेशीभायेर वाचायचं नि तितंच फाडायचं.”

सुधीररावांना आपली आई दिसली. अंगणात उभी राहून कार्ड वाचणारी, वाचून झाल्यावर तुकडे करणारी, मग थेट न्हाणीघराकडे जाणारी. ते सहा-सात वर्षांचे असतील. एकतीस वर्षं पाकिटं करणाऱ्या माणसाच्या डोक्यातून हे गेलं होतं.

“मग वेशीबाहेर वाचलं का नाही?”

“कोन वाचनार? वाडीत आता आमी आंधळी. पोरं मुंबैला. शिमग्याला येतील तवा वाचतील, म्हनून सगळ्यांनी दगडाखाली ठेवली. त्याच्या आदीच त्यो कारकून घेऊन गेला.”

“नाथूला का नाही सांगितलं वाचायला?”

“मयताचं पत्र देनाऱ्यानं वाचायचं नाय. देतो नि जातो. पानी बी घेत नाय. नाथूनं बराबर केलं.”

सुप्रिया हळूच म्हणाली, “म्हणून बाबांनी लिहिलं, तुम्हाला ठाऊकच असेल. त्यांना वाटलं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. चौकशीतही तेवढंच म्हणत राहिले, घरटी दिली, घरटी दिली. कोपऱ्याचं वेगळं सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.”

साळूबाई ऐकत नव्हती. तिचं आपलं चाललं होतं. “सगळ्या घरांना येकदम आलं, म्हंजी भावकीतलं मोठं मानूस आसनार. धा दिस सुतक पाळलं सगळ्यांनी. देवाला दिवा नाय लावला.” ती थांबली. “मंग कोन गेला व्हता, शेवटी?”

“कोणी नाही,” सुधीरराव म्हणाले. “त्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख होती.”

साळूबाई दात नसलेलं हसली. “म्हंजी सुतक फुकट गेलं! नि डावा डोळा बी. मागच्या म्हयन्यात गेलेली दवाखान्यात, दागतर म्हनला, उशीर झाला, ह्येचा आता काय इलाज नाय. उजवा बगू म्हनला.”

सुधीररावांना वाटलं, आता आत काहीतरी व्हायला हवं. झालं नाही. गोठ्यातली म्हैस शेपटी हलवत होती, ती ते बघत राहिले.

६

पोलादपूरला राजश्रीचं शिवणकामाचं दुकान स्टँडच्या मागे होतं. अठ्ठावीस-तीस वर्षांची हसरी बाई. गटाच्या चौघीजणी याच दुकानात बसून पाकिटं भरत. टेबलावर ब्लाऊजची कापडं होती, आणि कापडांवर एक जड कात्री, जिच्या पात्यांना करवतीसारखे दात होते.

सुधीररावांनी खिशातलं पाकीट काढून त्या पात्याशी धरलं. दातात दात बसले.

“ही? ही झिगझॅग,” राजश्री म्हणाली. “कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून. काका, बसा ना, चहा सांगते. पाकिटं कशी झाली होती?”

“कोपरे तुम्ही कापलेत?”

“हो! सगळे. दहा-दहाचा गठ्ठा केला आणि भरायच्या आधीच कापले, म्हणजे आतला कागद खराब नको. साध्या कात्रीने बरं दिसत नव्हतं, म्हणून मग याने. छान दिसलं ना?” दोघांचे चेहरे बघून तिचं हसू अडखळलं. “का? चुकलं का? तुम्हीच तर लिहिलं होतं.”

“मी?”

“पाकिटावरच छापलं होतं की. ‘इथून कापा.’ कात्रीसुद्धा काढली होती. आम्ही म्हटलं, भरणाऱ्यांसाठी सूचना आहे. आमच्यातली उज्ज्वला म्हणाली, विचारूया का फोन करून, तर मीच म्हटलं, स्पष्ट लिहिलंय, त्यात काय विचारायचं.”

दुकानात छताचा पंखा फिरत होता. सुधीररावांनी मनातल्या मनात सगळं एकदा मांडून पाहिलं. महाडची साठ पाकिटं त्यांनी स्वतः भरली, म्हणून तिथे कोपरे राहिले. एक्केचाळीस इथे आली, म्हणून गेले. कापलेल्या तुकड्याबरोबर ‘इथून कापा’ हे शब्दही केरात गेले, म्हणून सुनीलला, वरच्या अधिकाऱ्यांना, कुणालाच ते दिसले नाहीत. खतीजाबीच्या लेखी कोपऱ्याला काही अर्थ नव्हता. तिने बोट घालून उघडलं. साळूबाईच्या लेखी त्याला एकच अर्थ होता. आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यातून फक्त एक आळशी पोस्टमन दिसला.

ओळ वाचणाऱ्यासाठी होती. पण वाचणाऱ्याच्या आधी ती भरणाऱ्याच्या हाताखालून जाते, हे एकतीस वर्षांत त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. मुंबईत पाकिटं यंत्र भरत असे. यंत्र वाचत नाही.

“कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताचं,” सुप्रिया म्हणाली. “तुम्हाला माहीत नव्हतं, ताई?”

राजश्री हळूहळू खाली बसली. “मला आयुष्यात कधी पत्रच आलेलं नाही गं.”

जराशाने तिने विचारलं, “आता माझं नाव येणार का चौकशीत?”

“नाही,” सुधीरराव म्हणाले. “तुम्ही लिहिलेलं केलंत. लिहिलं मी.” आपलंच चुकलं असणार, ही शंका त्यांनी आयुष्यभर बाळगली होती. आज ती खरी निघाली होती, आणि तिचा भार नेहमीपेक्षा कमीही नव्हता, जास्तही नव्हता.

७

चौकशीसाठीचा जबाब त्यांनी राजश्रीच्या टेबलावरच लिहिला. दोन पानं, मुद्देसूद, खाली सही. त्याला कापलेलं पाकीट, मुश्ताककडचं कोरं पाकीट आणि अख्ख्या कोपऱ्याचं पत्र टाचून सुप्रियाच्या हातात दिलं.

“हे बुधवारी बाबांना द्यायला सांग साहेबांकडे. मी हजर राहीन. बोलता येईल की नाही माहीत नाही, पण राहीन.”

“चला मग, घरी येता? बाबा आले असतील.”

“पत्राला उत्तर द्यायचंय आधी.”

“आता मीच सांगते ना त्यांना!”

“तू सांगशील त्यांना. गावाला कोण सांगणार? दोन महिने गाव म्हणतंय, नाथूने पत्रं टाकली.”

पोलादपूरच्या पोस्टात त्यांनी एक पोस्टकार्ड मागितलं. सुप्रियाला नवल वाटलं.

“पाकीट नको?”

“नको. हे उघडायला लागता कामा नये.”

खिडकीच्या बाजूच्या फळीवर उभं राहून त्यांनी लिहिलं. निळी शाई नव्हती, पोस्टातल्या दोरी बांधलेल्या काळ्या पेनानेच लिहिलं. अक्षर मोठं काढलं, घाईतल्या माणसालाही वाचता येईल असं.

‘॥ श्री ॥ नाथूभाऊ, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले, माफ करा. तुम्ही भोकरवाडीची सत्तावीस पाकिटं घरटी दिलीत. लोकांनी ती उघडली नाहीत, कारण कोपरा कापलेला होता. कोपरा माझ्या चुकीमुळे कापला गेला. तुम्ही एकही पत्र टाकलेलं नाही. साळूबाईंचा डोळा माझ्यामुळे गेला, तुमच्यामुळे नाही. हे कार्ड ज्याच्या हातात येईल त्याने वाचावं आणि पुढे सांगावं. सुधीर टिपणीस, महाड.’

पत्ता लिहिला: श्री. नाथू ढेबे, पोस्टमन, कापडे. ‘पोस्टमन’ या शब्दापाशी त्यांनी एकदा थांबून पाहिलं आणि तो तसाच ठेवला.

लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मागे रांगेतला एक अनोळखी माणूस मान तिरकी करून खांद्यावरून वाचतोय. एरवी त्यांनी कार्ड झटकन उलटं केलं असतं. कानशिलं तापली. ते थोडे बाजूला सरकले, कार्ड त्याच्याकडे उजेडात नीट धरलं, आणि त्याचे ओठ हलायचे थांबेपर्यंत उभे राहिले.

मग बाहेर जाऊन पेटीत टाकलं.